गुरुवारचं मीठ

"भरल्या वांग्यात एक अळी होती. ती कुणाला दिसली नाही. वांग्याबरोबर शिजली, मसाल्यात मुरली आणि भाकरीबरोबर पोटात गेली. तर ते जेवण शाकाहारी धरायचं का मांसाहारी? जाणकारांनी मार्गदर्शन करावं."

शेवटचं वाक्य श्रुतिकाचं. ते घातल्याशिवाय प्रश्नाला वजन येत नाही, असं तिचं म्हणणं.

"टाक आता," तबस्सुम म्हणाली. "का घाबरलीस?"

"घाबरतीय कशाला," मी म्हटलं आणि पुन्हा एकदा वाचून बघितलं.

आम्ही तिघी आमच्या खानावळीच्या मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. आठवीची परीक्षा संपून चार दिवस झाले होते आणि समोर लसणाचं अर्धं पोतं होतं. पैज अशी, की 'हिरवं पान परिवार' नावाच्या शाकाहारी लोकांच्या फेसबुक ग्रुपवर मी हा प्रश्न विचारायचा. संध्याकाळपर्यंत ग्रुपवरून हाकललं, तर पोतं मी एकटीनं सोलायचं. नाही हाकललं, तर त्या दोघींनी.

ग्रुप शोधला होता श्रुतिकानं. तिची सांगलीची आत्या त्यात होती. श्रुतिका मगदूम जैन, घरात बटाटासुद्धा येत नाही, त्यामुळे बाकीचे शाकाहारी लोक तिला कच्चे वाटायचे. लसूण ती खात नव्हती, पण सोलायला तिची हरकत नव्हती. तबस्सुम मुल्लाणीच्या अब्बांच्या दुकानातून आमच्याकडं मटण यायचं. आणि मी प्रणोती खराडे, गडहिंग्लजच्या खराडे मटण खानावळीची एकुलती एक वारस. अशा आम्ही तिघी शाकाहारी ग्रुपवर काय करत होतो, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. आता दहावीत कधीकधी पडतो.

फोन आईचा होता. मला माझा दहावीत मिळणार होता. (दहावी आली, फोन यायचाय.) त्यामुळे प्रश्न माझा असला, तरी जगाच्या दृष्टीनं तो विचारला होता शालन खराडे यांनी. फोटोत डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ, आणि चेहरा असा की बाई आत्ताच कीर्तनातून उठून आल्यात.

मी बोट टेकवलं.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग फोन असा वाजायला लागला की तबस्सुमनं तो लसणाच्या पोत्यात खुपसला.

"वांगी मिठाच्या पाण्यात ठेवा, ताई, अळी आपोआप वर येते," असं कुणीतरी प्रेमानं सुचवलं होतं. भालचंद्र सोमण नावाच्या आजोबांनी मोठा परिच्छेद लिहिला होता. त्याचा मथितार्थ, हेतू बघावा, खाणाऱ्याचा हेतू वांगं खाण्याचा होता, अळी ही केवळ योगायोगानं गेली. एका बाईंकडं चातुर्मासात वांगंच येत नाही, त्यामुळे त्यांच्यापुरता प्रश्न मिटला होता. आणि एकानं लिहिलं होतं, की अळी जन्मभर वांगंच खाऊन वाढली, म्हणजे मुळात ती वांगंच झाली.

"मग बोकड पण पालाच खातो की," तबस्सुम म्हणाली.

मी ते टाईप केलं. श्रुतिकानं माझा हात धरेपर्यंत शालन खराडे यांनी ते पाठवूनही टाकलं होतं.

त्यावर ग्रुपमध्ये जे काही पेटलं, ते तासभर विझेना. शेवटी स्वतः ॲडमिन आल्या. डोंबिवलीच्या विदुला ओक. त्यांनी लिहिलं, "शालनताईंचा प्रश्न निर्मळ मनाचा आहे. त्यांच्या गळ्यातली माळ बघा. आपल्या परिवारात असा साधा, खरा माणूस आला, हे आपलं भाग्य. त्यांची चेष्टा केलेली मी खपवून घेणार नाही."

आम्ही लसणाच्या टरफलांवर लोळलो. श्रुतिकाला तर उचकी लागली.

"पनू," आतून हाक आली. "मीठ बघायला ये."

मी तशीच हसत आत गेले. इथं आमच्या घरची एक गोष्ट सांगायला पाहिजे. फोटोतली माळ खरी होती. मी दीड वर्षाची असताना मला ताप मेंदूत गेला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा आईनं पांडुरंगाला सांगितलं, पोरगी उठून बसली तर माळ घालीन. मी उठून बसले. आईनं माळ घातली. मटण-मासे-अंडी त्या दिवसापासून बंद. पण खानावळ तर मटणाची, आणि तिखटामिठाचा हात फक्त तिचा. मग तिनं तिचा एक मार्ग काढला: शिजवायचं, पण जिभेला लावायचं नाही. कांदा किती भाजला, खोबरं कधी काढायचं, हे ती वासावर ओळखायची. रस्सा उकळताना कान देऊन ऐकायची. फक्त मीठ काही वासावर कळत नाही. सुरुवातीची पाच वर्षं पप्पांनी चाखलं. पण तंबाखू-चुन्यानं त्यांची जीभ अशी भाजून निघालेली, की त्यांना समुद्र दिला असता तरी 'जरा अळणी हाय' म्हणाले असते. गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली. तेव्हापासून, म्हणजे मी सात वर्षांची असल्यापासून, खराडे खानावळीची जीभ मी.

आईनं पळी पुढं केली. मी तळहातावर रस्सा घेतला, चाटला, डोळे मिटले. आई माझ्या तोंडाकडं बघत उभी. रोज असंच. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत ती माझं मत एवढं जीव ओतून ऐकत नसे.

"अजून एक चिमूट."

तिनं टाकलं. मग सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, मागच्या छोट्या चुलीवर, स्वतःच्या वेगळ्या भांड्यांत स्वतःपुरती भाजी टाकली आणि एकटी जेवली. हेही रोजचंच. तिची सख्खी बहीण, आमची मावशी, तीही माळकरी. ती आमच्याकडं पाणीसुद्धा पीत नाही. मावशी येऊन गेली की आई दोन दिवस भांडी जरा जास्तच घासते.

लसूण त्या दोघींनी सोलला. पैज तिथंच संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी विदुलाताईंचा निरोप आला, "शालनताई, तुमच्या घरची एखादी पारंपरिक पाककृती द्या ना."

"दे," श्रुतिका म्हणाली.

"काय देऊ? आमच्या घरची पारंपरिक म्हणजे तांबडा रस्सा."

"मग तोच दे. फक्त बोकड काढ."

"आणि घालू काय?"

आम्ही तिघींनी इकडंतिकडं बघितलं. कुंपणाला फणसाचं झाड होतं आणि त्याला कोवळे फणस लागले होते.

मी आईची सगळी कृती लिहून काढली. जिथं जिथं मटण होतं, तिथं तिथं फणस. करून बघायचा प्रश्नच नव्हता, सोमणआजोबांच्या भाषेत आमचा हेतूच तो नव्हता.

आणि लोकांनी केला की तो रस्सा. नाशिक, पुणे, बडोदा, कुठून कुठून फोटो यायला लागले. शालनताई अमुक, शालनताई तमुक. रोज दुपारी प्रश्नांची रांग. मला उत्तरं कुठली येतायत? मी जायची आईकडं.

"आई, खोबरं किती भाजायचं?"

"वास जिन्यावरनं खाली आला की काढायचं."

मी तेच लिहिलं. दोनशे लोकांनी हात जोडले. एका बाईंनी विचारलं, की ज्यांच्याकडे जिना नाही त्यांनी काय करावं. सोमणआजोबांनी त्यांना शेजारच्यांचा जिना सुचवला.

तीन आठवडे मी नुसती तरंगत होते. शाळेत मला कुणी कधी 'ताई' म्हटलं नव्हतं आणि इथं अडतीस हजार माणसांत निवृत्त माणसंसुद्धा मला ताई म्हणत होती. मग एक दिवस ग्रुपवर एका माणसाचा फोटो आला. गळ्यात माळ, हातात वाढदिवसाच्या केकचा तुकडा. केक अंड्याचा होता, हे कुणीतरी हुडकून काढलं होतं. खाली लोक तुटून पडले होते. "आधी माळ काढा, मग केक खा." "ढोंगी." "असल्यांमुळं माळेची किंमत गेली." मला ताई म्हणणारी, हात जोडणारी तीच नावं.

मी फोन पालथा ठेवला. आमच्या आईच्या नावानं मी ह्या लोकांत बसले होते, आणि आमची आई दर रविवारी बारा किलो मटण शिजवत होती. मावशी एकटी होती तर आई दोन दिवस भांडी घासायची. हे अडतीस हजार होते.

"ग्रुप सोडून दे," तबस्सुम म्हणाली. "विषय संपला."

मी सोडणारच होते. पण फोन उघडला तर विदुलाताईंचा निरोप. "अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला येतोय. तिथून आजऱ्याला लग्नाला जायचंय, वाटेत गडहिंग्लज लागतं. तुमच्या हातचा फणसाचा रस्सा खाल्ल्याशिवाय पुढं जाणार नाही. गाव लहान आहे, खराडे कुठं राहतात ते कुणीही सांगेल."

ते खरंच कुणीही सांगितलं असतं. वर 'मटणवाले ना?' असंही विचारलं असतं. मी घाईघाईनं पत्ता लिहिला आणि खाली लिहिलं, "गुरुवारी या." गुरुवारी आमची खानावळ बंद असते आणि पप्पा मिरची आणायला संकेश्वरला जातात.

आईला मी सांगितलं, की श्रुतिकाच्या आत्याच्या ओळखीच्या एक बाई येणार आहेत, शाकाहारी आहेत, त्यांना तांबडा रस्सा खायचाय, फणस घालून. ह्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"फणस घालून?" आई म्हणाली. "हे कुणाच्या डोक्यातनं आलं?"

"तिकडं करतात म्हणे."

"मग करूनच का न्हाई आणला तिकडनं?" पण पाहुणे येणार म्हटल्यावर तिच्या हातांना दम निघत नाही. "माझ्या भांड्यांत करते मग. त्या पातेल्यांतलं त्यांना चालायचं न्हाई."

गुरुवारी सकाळी तबस्सुमनं हाताला तेल लावून फणस कापला, तरी कोपरापर्यंत चीक. श्रुतिका एक गुंडाळलेला फ्लेक्स घेऊन आली. आमच्या दारावर मोठा बोर्ड होता, त्यावर पप्पांनी हौसेनं रंगवून घेतलेला बोकड, तोही हसरा. तो झाकायला हवा होता.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"एवढा मोठा दुसरा कुठं मिळणार?"

फ्लेक्सवर तिचा चुलतभाऊ काळा गॉगल लावून उभा होता. 'भावी नगरसेवक अमोलदादा मगदूम यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' आम्ही बोकडावर अमोलदादा बांधला. अंतरावरून फारसा फरक दिसत नव्हता.

आई हे सगळं खिडकीतून बघत होती. "आज काय चाललंय तुमचं?" एवढंच म्हणाली.

तिच्या छोट्या चुलीवर रस्सा उकळत होता. वर लाल कट आला होता, वास तर असा की पोटात खड्डा पडावा. तिनं पळी पुढं केली.

"मीठ बघ."

मी तळहातावर घेतला, चाटला. "अजून एक चिमूट."

तिनं टाकलं.

साडेबाराला गाडी आली. विदुलाताई बुटक्या, ठसठशीत, बोलताना समोरच्याचा हात धरणाऱ्या. बरोबर त्यांचे मिस्टर, ओककाका, उंच आणि गप्प. विदुलाताईंनी वर बघितलं.

"हे कोण?"

"घरच्यासारखेच आहेत," श्रुतिका म्हणाली आणि तबस्सुमला घेऊन मागच्या मागं पसार झाली. संकटात मैत्रिणी ओळखू येतात म्हणतात, ते खरं आहे.

आईनं दोघांना बाकावर बसवलं, पानं वाढली. विदुलाताईंनी पहिला घास घेतला आणि आईचा हात धरला.

"शालनताई, मी तुमच्याच कृतीनं तीनदा केला. पण हे काहीतरी वेगळंच आहे."

"माझ्या कृतीनं?" आई म्हणाली.

"आई, भाकरी करपली वाटतं," मी म्हटलं.

"न्हाई करपली."

"आणि तुमचं ते जिन्याचं वाक्य," विदुलाताई म्हणाल्या, "मी लिहून फ्रिजवर लावलंय."

"कसला जिना?"

"आई, पाणी."

"हाय की समोर." आता आई माझ्याकडं बघत होती. फोन माझ्याकडं असायचा, जिन्याचं मी विचारलं होतं, बोर्डावर अमोलदादा होता. तिची बेरीज होत आलेली मला दिसली.

ओककाकांनी वाटी तिसऱ्यांदा पुढं केली. विदुलाताईंनी भाकरी मोडली आणि विचारलं, "पण मला खरं सांगा, ही पाककृती तुम्हाला सुचली कशी?"

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"सुचायचं काय त्यात, ताई? रोजचाच रस्सा हाय. मटणाच्या जागी फणस घातलाय."

ओककाकांचा हात वाटीतच थांबला.

"रोजचा?" विदुलाताई म्हणाल्या.

"मटणाची खानावळ हाय आमची. बोर्ड हाय बाहेर. पोरींनी त्यावर ते ध्यान बांधलं तवाच मला कळायला पाहिजे होतं."

विदुलाताईंची नजर आईच्या गळ्यावर गेली. सगळ्यांची जाते. "तुम्ही मटण शिजवता? माळ घालून?"

"शिजवते. खात न्हाई." आई पळी धरून सरळ उभी होती. "बारा वर्षं झाली. बोटाला लागलं तरी आधी धुते, मग पदराला हात लावते. माळ माझ्या गळ्यात हाय, ताई, गिऱ्हाइकाच्या न्हाई."

विदुलाताईंची पर्स बाकावर होती, पर्समध्ये फोन, आणि फोनमध्ये ते सगळे. त्यांनी एक ओळ लिहिली असती की झालं. 'आधी माळ काढा' हे कोण कोण लिहील, ते मी नावानिशी सांगू शकले असते.

"ग्रुपवर मी लिहीत होते," मी म्हटलं. "आईला ग्रुप माहीतच नाही. तिला काही बोलू नका."

"वांग्यातली अळी?"

"ती पण मीच."

"बोकड?"

"तो मैत्रिणीचा. टाईप मी केला."

ओककाकांच्या खांद्यांत काहीतरी हललं, पण ते खाली मान घालून बसले. विदुलाताईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी वांग्यातच असते तर बरं झालं असतं. मग त्या आईकडं वळल्या. आवाज अजून कडकच होता.

"खात नाही, तर चव कशी कळते तुम्हाला?"

"वासावर कळती. मीठ ही बघती. सात वर्षांची होती तवापासनं."

"आणि आजच्या रश्शाचं मीठ?"

"ते पण हिनंच बघि..." आईचं वाक्य तिथंच राहिलं.

तिनं पातेल्याकडं बघितलं. तिचं स्वतःचं पातेलं, तिची स्वतःची चूल. आत फणस. मी तिच्याकडं बघितलं. सकाळी तिनं पळी माझ्यापुढं धरली होती आणि मी रस्सा चाटला होता, आणि आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नव्हतं. सवयीच्या माणसाला दार उघडं असलेलं दिसत नाही.

"आज तर तुम्हाला चाललं असतं," विदुलाताई हळू म्हणाल्या.

"चाललं असतं," आई म्हणाली.

विदुलाताईंनी बाकावरची पर्स उचलून खाली ठेवली. "बसा."

"मी मागनं बसते, सगळ्यांचं झाल्यावर."

"मागून बसणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात. मीही त्यातलीच. आत्ता बसा."

आई बसली. बारा वर्षांत त्या बाकावर ती पुसायला वाकली होती, बसली कधी नव्हती. मी पान मांडलं, भाकरी ठेवली, वाटीत रस्सा वाढला. थोडा पानात सांडला. तिनं भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला, आणि डोळे मिटले.

मी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. रोज ती कशी उभी राहत असेल, ते मला तेव्हा कळलं. फार लांबतो तो वेळ.

"बरोबर हाय?" मी विचारलं.

आईनं डोळे उघडले.

"मीठ जास्त हाय."

"अं?"

"खारट हाय, पनू. सात वर्षं तू लोकांना हे खायला घालतीयास?"

"मला तर बरोबर वाटतंय," ओककाका म्हणाले. आल्यापासून त्यांचं ते पहिलं वाक्य.

"तुम्ही पाहुणं हाय, तुम्हाला वाटणारच." आणि आई हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग माळ, मग सगळी आई. "लोक म्हणायचे, शालनवहिनी, तुमच्या रश्शाला काहीतरी वेगळंच हाय. हे होय ते." हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिखट लागलं म्हणाली. आमच्याकडच्या तिखटाचा आईला कधी ठसका लागलेला मी बघितलेला नाही. मग तिनं वाटी माझ्यापुढं धरली. "वाढ अजून."

निघताना विदुलाताईंनी माझा हात धरला. "आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर खरं लिहायचं. स्वतःच्या नावानं. तू नाही लिहिलंस, तर मला लिहावं लागेल."

"हाकलणार का?"

"तुला हाकलीन. तुझ्या आईला ठेवीन." त्या गाडीत बसल्या, मग काच खाली केली. "तो बोकडाचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही."

मी लिहिलं. अळीपासून अमोलदादापर्यंत सगळं. कट्ट्यावर आई मेथी निवडायला बसली आणि म्हणाली, "आता लोक काय म्हणतात ते वाच."

मी वाचायला लागले. फसवलं म्हणणारे होते, पोरगी गोड आहे म्हणणारे होते. एका ठिकाणी मी थांबले आणि पुढचं वाचलं.

"मधलं का गाळलंस?"

"काही न्हाई."

"वाच."

"आधी माळ काढा," मी वाचलं.

आईनं मेथीची एक काडी मोडली, पानं वेगळी केली, काडी बाजूला टाकली. "पुढं."

"शालनताईंच्या प्रकरणातही, अळीप्रमाणेच, हेतू बघावा. भालचंद्र सोमण."

"हे कोण?"

"आजोबा हायत एक."

"जेवायला बोलव त्यांना," आई म्हणाली. "आणि?"

"एक बाई विचारतीय, जिन्यावरच्या वासाचं तरी खरं होतं का."

"लिही. खरं हाय."

दिवेलागणीला पप्पा मिरचीचं पोतं खांद्यावर घेऊन आले. "ह्या अमोल्याचा वाढदिवस आपल्या दारात कुणी घातला?" त्यांनी बाहेरूनच विचारलं. मग ते आत आले, हातपाय धुतले आणि पातेल्यावरचं झाकण उचलून उरलेला रस्सा वाटीत घेतला. एक फोड तोंडात टाकली. विचारपूर्वक चावली.

"मुल्लाणीकडचंच का हे? कोवळं हाय. लुसलुशीत. मीठ तेवढं कमी पडलंय."

आईनं पदर तोंडाला लावला.

मी उठून उभी राहिले. त्या वयापर्यंत मी घरात कायम विचारत आले होते. जाऊ का, घेऊ का, चालेल का. उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की ह्यावेळी शेवटी 'का' लावायचा नाही.

"आई, पप्पा, ऐका. पुढच्या गुरुवारपासनं खानावळ बंद राहणार न्हाई. गुरुवारी आईच्या चुलीवर, आईच्या भांड्यांत, फणसाचा रस्सा. चार माणसं आली तर चार. वाढायला मी, श्रुतिका, तबस्सुम."

"फणसाचा?" पप्पा वाटीत बघायला लागले.

"आणि गुरुवारी पळी माझ्यापुढं धरायची न्हाई," मी म्हटलं. "गुरुवारी मीठ आई बघणार."